नदीने हलवलेली माती

सखारामचं म्हणणं अगदी सोपं होतं. माती त्याची होती, नदीने ती फक्त हलवली होती.

गेल्या श्रावणात अर्जुना नदीला पूर आला तेव्हा सखारामच्या काठावरच्या मळईचा निम्मा तुकडा नदीने ओढून नेला. नेला तो नेला, पण वळणाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, राहीच्या मळईला तेवढाच गाळ आणून टेकवला. पुरुषभर उंच, सुरीने कापल्यासारखी सरळ दरड. नदीने दिलेलं ज्याच्या काठाला लागेल त्याचं, असं गावात पूर्वीपासून मानतात. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तरी नदी थोडीच वाचायला येणार होती.

राही सखारामच्या थोरल्या चुलतभावाची बायको. नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. मळई बघायची ती राहीने आणि तिच्या मुलाने, सुजयने. मळई म्हणजे नदीच्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची पायरी. वरच्या पायरीवर घर आणि माड, मधल्या पायरीवर भात, आणि खाली ही करड्या रंगाची, पिठासारखी माती. वर कातळावरची तांबडी माती कपड्याला लागली की कपडा फाटेपर्यंत जात नाही. मळई सुकली की झटकून टाकावी, मैद्यासारखी उडून जाते. ओली केली तर साबणासारखी गुळगुळीत. गणपतीवाले तिला हात लावत नाहीत, कारण वळायला जावं तर सोंडच तुटते. पण भात काढल्यावर तिच्यात वाल पेरा, मुळा पेरा, लाल माठ पेरा. पाण्याचा थेंब घालायला नको. खालची ओल ती आपणहून वर ओढून घेते आणि शिमग्यापर्यंत पुरवते. असली माती कोण सोडील?

"माजीच हाय ती," सखाराम एसटी स्टँडवर सांगायचा, चहाच्या टपरीवर सांगायचा. पुरावा म्हणून खिशातल्या पुडीतली चिमूट जिभेवर टाकून चावायचा. "कचकचली तर रेती, दाताला चिकटली तर चिकण. ही बगा, निस्ती विरघळते. माज्या बापाच्या मळ्याची चव हाय ही!"

आता अर्जुनेकाठची सगळीच मळई तोंडात अशीच विरघळते. पण हे सखारामला सांगायचं म्हणजे म्हशीला आरसा दाखवायचा.

माघातल्या एका सकाळी तो ट्रॅक्टर घेऊनच आला. ट्रॅक्टर उमेरचा, भाड्याने घेतलेला. बरोबर दोन गडी, टिकाव, फावडी, घमेली, आणि सखारामचा मुलगा रितेश. तो पुण्याची नोकरी सुटल्यापासून घरी बसून होता आणि कोणावर तरी हात उचलायला मिळावा म्हणून वाटच बघत होता.

राही मळईत वालाच्या शेंगा खुडत होती. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ती काठाशी आली. खाली नदीच्या पात्रात ट्रॉली उभी, निम्मी भरलेली, आणि रितेश दरडीच्या पायथ्याशी टिकाव घालतोय.

"पायथ्याला नको रे!" ती वरून ओरडली. "मेल्या, न्यायचीच तर वरून ने!"

"वरची वाऱ्यावर उडते, वैनी," सखाराम खालून म्हणाला. "खालची भरीव हाय."

"भरीव नाय, भिजलेली हाय! रोज दोनदा भरती लागते तिला. वर सुकी भिंत आणि खाली दही, भावजी, तुमाला मी सांगायला हवं काय?"

"बघितलंस?" सखाराम रितेशला म्हणाला. "माती द्यायची नाय म्हणून भीती घालते."

राही घसरत खाली उतरली आणि टिकावाने केलेल्या खळग्यासमोर पाठ लावून उभी राहिली. तिने पदर कमरेला खोचला.

"काकी, बाजूला हो."

"नाय होत."

रितेशने तिला ढकललं. ती हलली नाही. त्याने टिकाव उलटा धरला आणि दांडा तिच्या हातावर हाणला. कडकन आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. मनगटाच्या वर हात भलतीकडेच वाकला. राहीला आधी आवाजच ऐकू आला, दुखायला अंमळ वेळ लागला, मग ती दरडीपासून बाजूला कोलमडली.

वरून सुजयने ते पाहिलं. वालाच्या मांडवाची ऐनाची काठी उपसून त्याने काठावरूनच खाली उडी घेतली. पहिला फटका रितेशच्या खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. रितेशने फावडं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. सुजयच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्ताचा ओघळ आला आणि एक डोळा मिटला. तरी तो रितेशच्या गळ्याला भिडला. दोघं चिखलात पडले, चावले, बोचकारले. सखारामने पुतण्याच्या बरगडीत लाथ मारली. एकदा मारली आणि बरं वाटलं असावं, म्हणून पुन्हा मारली. ट्रॅक्टरवरून उमेर ओरडत होता, "ओ काका, बस करा! अल्ला, मारून टाकाल त्याला!"

सुजय आडवा झाला. रितेश उठला, दरडीकडे पाठ करून उभा राहिला आणि फावडं त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं.

ते खाली आलंच नाही. दरड आली.

मोठा आवाज झाला नाही. वरून पोतं टाकल्यासारखा धप्प, एवढंच. धुरळा खाली बसला तेव्हा रितेश काखेपर्यंत मातीत होता. फावडं कुठे दिसत नव्हतं. वर दरडीचा आणखी एक तुकडा छपरासारखा लोंबत होता. दोन्ही गडी नदीपलीकडे पळाले, ते तिथूनच बघत राहिले.

सखाराम आणि उमेरने रितेशचे हात धरून ओढलं. रितेश असा किंचाळला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. बोटभरसुद्धा तो वर आला नाही.

"दोर!" सखाराम ओरडला. त्याने मुलाच्या काखेतून दोर घातला, ट्रॅक्टरला बांधला. "उमेर, घे पुढे!"

"उमेर, गाडी बंद कर!" राही मोडका हात छातीशी धरून ट्रॅक्टरच्या आडवी गेली. "ओढलास तर अर्धाच येईल तो!"

उमेरने चावी फिरवली. इंजिन थांबलं, आणि त्या शांततेत पाण्याची चुळबुळ ऐकू आली. राजापूरच्या खाली इथवर खाडीचं पाणी चढतं. साडेअकराची भरती होती. पहिली जीभ रितेशच्या समोरच्या चिखलावर येऊन गेली.

सखारामने राहीचे केस धरले. "तुला मरायलाच हवाय माजा पोर!"

राहीने केस सोडवले नाहीत. वाकून तिने ओल्या मातीचा गोळा उचलला, त्याचा दुसरा हात उताणा करून तळव्यावर ठेवला आणि त्या हाताला खालून दोन चापट्या मारल्या. गोळ्यावर पाणी चमकलं, जसं ताकावर लोणी येतं. मग तिने तोच गोळा दाबला. पाणी आत गेलं, गोळा कोरडा, घट्ट.

"हलवली तर सोडते," ती म्हणाली. "ओढली तर धरते. विसरलात?"

सखाराम विसरला नव्हता. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण स्वतःचा लेक काखेपर्यंत गेला की माणूस सगळं शहाणपण आधी टाकून देतो. त्याने केस सोडले.

"काठी हवी. पायाच्या बाजूने खुपसून हलवायला. सुजय, ऊठ."

सुजय चिखलात बसला होता, काठी मांडीवर आडवी. रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. "नाय."

"भरती बघ."

"बघतोय. नदी मारेल त्याला. आपण नाय मारत."

"सुजय!"

"तुजा हात बघ, आये!"

"मोडला म्हणून तर तुजा मागते."

तो हलला नाही. राहीने त्याच्या मांडीवरून काठी उचलली, डाव्या हाताने, आणि लोंबत्या दरडीखाली जाऊन रितेशच्या बरगडीजवळ खुपसली. एका हाताने ती वीतभर गेली. राहीचा पाय घसरला, ती मोडक्या हातावर पडली आणि तिच्या तोंडून जनावरासारखा आवाज आला. वरून चार ढेकळं सुटून तिच्या पाठीवर पडली.

"तुज्या आयशीचा घो!" सुजय उठला. हे तो आईला म्हणाला, रितेशला म्हणाला की नदीला, ते त्यालाच माहीत. त्याने आईला मागे ढकललं, काठी घेतली आणि मातीला मारायला लागला.

मारायला म्हणजे खरंच मारायला. खुपसायची, गदागदा हलवायची, उपसायची, आणि आजूबाजूला हाणायची. प्रत्येक फटका रितेशच्या कानापासून टीचभर लांब. काठी वर गेली की रितेश डोळे मिटायचा. फटका मातीला आहे की आपल्याला, हे पडेपर्यंत त्याला कळत नव्हतं, आणि सुजयलाही ते पडेपर्यंत ठरवता येत नसावं. उमेर फावड्याच्या दांड्याने दुसऱ्या बाजूला तेच करत होता. सखाराम घमेल्याने भरतीचं पाणी काठीच्या भोकात ओतत होता. ज्या पाण्याची धास्ती, तेच ओतत होता.

"आणखी ओता, भावजी!"

माती थरथरायला लागली, खरवसासारखी. पाणी रितेशच्या खांद्याला लागलं होतं.

"मागे पड, रितेश! बाजेवर पडल्यासारखा. वर नको चढू, पडून राहा. आता एक पाय. हळू. हळू रे बाबा, घाई करायला लग्नाला चाललायस?"

एक पाय सुटला. मग सुजयने काठी दुसऱ्या पायाखाली घातली आणि दातओठ खात हलवली. तोही सुटला. दोघांनी त्याला पाठीवर घसरत ओढून काढलं. पँट आणि बूट मातीतच राहिले. ट्रॉलीपर्यंत आले असतील नसतील तोच वरचं छप्पर धप्पकन खाली बसलं, जिथे रितेश होता तिथेच.

सखारामने मुलाच्या तोंडात बोट घालून चिखल काढला. रितेश खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाबा... चव आता मला इचारा."

सखारामने त्याच्या थोबाडीत मारली. जोरात. मग तिथेच पाण्यात बसून, तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला.

"काका," उमेर हळूच म्हणाला, "ट्रॉलीतली माती कुठे टाकू?"

"माती राहू दे," राही म्हणाली. "आमाला तिच्यावर टाक. दवाखान्यात ने."

ट्रॉली राजापूरच्या रस्त्याला लागली. मातीच्या ढिगावर रितेश निजला होता, सखारामचा सदरा कमरेला गुंडाळून. शेजारी राही. रस्ता खड्ड्यांचा होता, हादऱ्याहादऱ्याला ओल्या मातीतून पाणी वर येऊन त्यांच्या पाठी भिजवत होतं. राहीचा हात एका हादऱ्याला उडाला आणि तिने ओठ चावला. सखारामने तो हात ओंजळीत घेतला, अंड्यासारखा, आणि प्रत्येक खड्ड्याला आपणच वरखाली झाला.

"हलवू नका," राही म्हणाली.

"नाय हलवत."

सुजय ट्रॉलीच्या मागच्या फळीवर बसला होता, डोक्याला आईच्या पदराची पट्टी, तोंड रस्त्याकडे. काठी त्याने अजून सोडली नव्हती.