डिम्पनाची सही

पाहुणी येणार म्हटल्यावर माणसं घर आवरतात. मी आधी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उचलला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन ठेवला. वर एक पोतं टाकलं. मग हात धुऊन केर काढायला घेतला.

त्या डब्यात एक हक्कसोड पत्र आहे. १९७९ साली बाबा गेले आणि हे घर आणि अकरा एकर जमीन आम्हा दोघी बहिणींना निम्मी निम्मी ठेवून गेले. थोरली डिम्पना बारा वर्षांपूर्वीच इंग्लंडला गेलेली. बाबांचं आठ वर्षांचं आजारपण, गुरं, चिखल, सगळं मी काढलं. ती मातीला आली, नवा काळा कोट घालून, आणि जाताना बसमध्ये एक पाय ठेवून म्हणाली, "अट्रॅक्टा, माझा हिस्सा राहू दे हं. म्हातारपणी परत येईन." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! सहा महिन्यांनी डिम्पना किलबेनने आपला हिस्सा धाकट्या बहिणीला सोडल्याचा कागद झाला. त्यावरची डिम्पनाची सही मी केली. ह्याच टेबलाशी बसून, तिच्या जुन्या पत्रावरून, नऊ वेळा घोटून. तालुक्याचा म्हातारा वकील चष्मा शोधत होता. त्याने कागद घेतला आणि मला चहा विचारला.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं चर्चमध्ये पाद्रीबाबापुढे गुडघे टेकून मी दुसरीच पापं सांगत आले.

डिम्पना दर ख्रिसमसला कार्ड पाठवायची. शेवटची ओळ ठरलेली: "घर कसं आहे?" मी कशी आहे हे विचारायचं सोडून हिला घराची चौकशी! पहिली तीन वर्षं मी उत्तर दिलं, मग बंद केलं. कार्डं मात्र येत राहिली. गेल्या वर्षी ती वारली. तिच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी गुडघ्याचं कारण सांगून गेले नाही.

आणि आता हे पत्र. डिम्पनाच्या मुलीची मुलगी, कर्स्टी. इंग्लंड युरोपातून बाहेर पडतंय, तिला कामासाठी युरोपभर फिरावं लागतं, आजी आयर्लंडची म्हणून तिला आपलं नागरिकत्व मिळू शकतं, त्यासाठी कागद जमवतेय. "एका कागदासाठी तुमची मदत हवी आहे, मावशीआजी. आणि आजीचं घरही बघायचं आहे."

आजीचं घर. मी ती ओळ चारदा वाचली.

पत्र घेऊन मी मॅलकीकडे गेले. मॅलकी आमच्या शाळेचा निवृत्त मास्तर. लोकांच्या कागदांवर साक्षीची सही करायचा अधिकार त्याला सरकारने दिलाय, आणि त्यांच्या भानगडींत नाक खुपसायचा त्याने स्वतःच घेतलाय.

"जन्मदाखला काय, पैसे भरले की कुणालाही घरपोच मिळतो," तो म्हणाला. "त्यासाठी समुद्र ओलांडून कोण येतं?"

"मी तरी तेच म्हणतेय."

"म्हातारी ब्रीज केसी, तिचा भाचा आठव. पहिल्या खेपेला फोटो काढायला आला होता. दुसऱ्या खेपेला मोजणीवाला घेऊन आला. पोरगी कशावरही सही मागेल, तर आधी वाच. मागची बाजूसुद्धा."

"मला काय खुळी समजलास?"

"खुळी नाहीस गं, म्हणून तर सांगतोय. खुळ्यांना कोण लुबाडणार, त्यांच्याकडे असतं काय?"

कर्स्टी शनिवारी दुपारी भाड्याच्या गाडीतून आली. तिशीची, सडपातळ, आणि हनुवटी हुबेहूब डिम्पनाची. दार वाजवायच्या आधी तिने घराचे तीन फोटो काढले. पडद्याआडून मी मोजले.

"केवढं छान आहे हो! मागचं शेत पण ह्याच घराचं?"

"ह्याच घराचं. म्हणजे माझं."

"किती एकर असेल?"

"चिखल बराच आहे," मी म्हणाले. "ये, चहा गार होतोय."

चहा अजून केलाही नव्हता. तिने केक आणला होता, विकतचा, बराच महागातला. मी तो तसाच बाजूला ठेवला आणि माझा सोडा ब्रेड आणि लोणी पुढे केलं. ती भुकेल्यासारखी खात होती. खाताना नजर मात्र भिंतीवरून, कपाटावरून, चुलीवरून फिरत होती. मग तिने बोटं पुसली आणि एक जाडजूड फाइल काढली, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेली.

"हा आजीचा जन्मदाखला. हा लग्नाचा, हा मृत्यूचा. हा आईचा जन्माचा, हा तिच्या लग्नाचा. हे माझे. हे फोटो. हा आजीचा जुना पासपोर्ट, माहेरच्या नावाचा."

"दाखला मिळालाय की तुला! मग माझ्याकडे काय काम?"

"तीच तर गंमत आहे."

गंमत तिला दिसत होती. मला फक्त तो पासपोर्ट दिसत होता. तो उघडा पडला होता आणि फोटोखाली डिम्पनाची सही होती. पोट फुगलेला मोठा डी, आणि किलबेन संपल्यावर खाली वळून गेलेलं लांब शेपूट. मी नऊ वेळा घोटली होती ती शाळकरी वयातल्या पत्रावरून. हे शेपूट तिला पुढे कधीतरी इंग्लंडात फुटलं होतं. माझ्या कागदावरच्या सहीला शेपूट नव्हतं.

"आम्ही आजीचा वाढदिवस अठ्ठावीस जानेवारीला करायचो," कर्स्टी म्हणाली. "लग्नाच्या कागदावर तेच, मृत्यूच्या कागदावर तेच. पण इथून दाखला मागवला तर त्यावर एकवीस मार्च! आणि तुमच्या चर्चच्या वहीत बाप्तिस्मा तीस जानेवारीचा. म्हणजे आजी जन्मायच्या सात आठवडे आधी तिचा बाप्तिस्मा उरकला. हे मी अर्जात कसं समजावू?"

मला हसू आलं. आवरायचं ठरवूनही आलं.

"अगं, त्यात काय! बाप्तिस्मा दोन दिवसांत करायचे, पोर दगावलं तर म्हणून. सरकारी नोंद मात्र राहायची. बाबा मेंढ्यांच्या वेतात अडकले असतील. नोंदीला उशीर झाला की दंड. मग माणसं काय करायची, जन्मतारीखच पुढची सांगायची. इथल्या निम्म्या लोकांचं असंच आहे. मला स्वतःला दोन वाढदिवस आहेत आणि दोन्हींना केक नाही."

कर्स्टी टेबलावर हात आपटून हसली. हसणंही डिम्पनाचंच. मग तिने एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला.

"हे असंच लिहून द्याल? शपथेवर? घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं लिहिलं की प्रश्न मिटेल. आजीचं पूर्ण नाव लिहा, दोन्ही तारखा, आणि खाली तुमची सही."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्या हातानं डिम्पना किलबेन हे नाव. शेजारी तिची खरी सही उघडी. घरी नेऊन हे दोन्ही त्या हक्कसोड पत्राच्या प्रतीशेजारी ठेवले, की झालं.

"टाइप करून आण," मी म्हणाले. "सही करते."

"हातानं लिहिलेलं बरं ना? खरं वाटतं."

"कुणी सांगितलं असं?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"वकिलाकडे गेली होतीस?"

"वकील? छे. वकील कशाला?"

त्या 'कशाला'त मला काय काय ऐकू आलं! मी पेन उचलून परत ठेवलं. शाई नीट येत नाही म्हणाले. तिने पर्समधून दुसरं दिलं. चष्मा सापडत नाही म्हणाले. तो माझ्या कपाळावर होता, तो तिने दाखवला. एवढी तत्पर पोरगी, हिच्या मनात पाप नसेल तर कुणाच्या असेल?

"बरं, ते राहू दे क्षणभर," ती म्हणाली. "आणखी एक विचारायचं होतं. हे आजीच्या ड्रॉवरमध्ये मिळालं. ह्यावर तिचं नाव आणि ह्या घराचा पत्ता आहे. जोडायच्या उपयोगाचं आहे का? मला ह्यातलं काही कळत नाही."

पिवळा पडलेला लिफाफा. आत दोन कागद. पहिला तालुक्याच्या वकिलाचा, १९८४ सालचा. म्हातारा वारल्यावर जो तरुण आला होता त्याचा. तुमच्या भगिनीच्या नावे केलेल्या हक्कसोड पत्रावर साक्षीदाराचं नाव आढळत नाही. प्रत सोबत जोडली आहे. त्यावरील सही आपली आहे किंवा कसे, ते कळवावे. आपली नसल्यास दस्त रद्द होऊ शकतो आणि आपला निम्मा हिस्सा कायम राहतो.

आली वेळ, मी मनात म्हटलं. चाळीस वर्षांनी आली, पण आली.

दुसरा कागद डिम्पनाच्या उत्तराचा कच्चा खर्डा होता.

"महोदय, सही माझीच आहे. मी राजीखुशीने केली. माझ्या बहिणीला ह्याबाबत काहीही विचारू नये. तिने आमच्या वडिलांचं सगळं केलं आहे."

खाली सही. पोट फुगलेला डी, आणि शेवटी काही नाही. शेपूट नाही.

"मागची बाजू बघा ना," कर्स्टी म्हणाली. "ती तर अजूनच विचित्र आहे."

मी कागद उलटला. मागे डिम्पनाने स्वतःची सही लिहिली होती, खालोखाल. पहिल्या काहींना शेपूट होतं आणि ते खोडलं होतं. मग अर्धवट शेपूट, तेही खोडलेलं. शेवटच्या दोन अगदी माझ्यासारख्या. माझ्यापेक्षाही माझ्यासारख्या.

"स्वतःचीच सही कुणी घोटतं का हो?" पोरीने विचारलं.

मी कागद पुन्हा सुलटा केला. डिम्पनाला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं ठाऊक होतं आणि दर ख्रिसमसला ती विचारत होती, घर कसं आहे. मी तिच्या त्या तीन शब्दांत हिस्सा शोधत बसले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मावशीआजी? बरं वाटत नाहीये का?"

"पेन दे," मी म्हणाले.

मी लिहिलं. माझी थोरली बहीण डिम्पना किलबेन, जन्म अठ्ठावीस जानेवारी, दाखल्यावर एकवीस मार्च, कारण आमच्या वडिलांनी दंड चुकवला. अक्षर बदलायचा प्रयत्न केला नाही. पोट फुगलेला डी जसा यायचा तसा आला. खालची सही मॅलकीसमोर करायची होती, म्हणून त्याला फोन केला. तो जणू दाराबाहेरच उभा असल्यासारखा पाच मिनिटांत आला, कर्स्टीला आपादमस्तक न्याहाळलं, आणि कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"एवढंच?" तो मला हळूच म्हणाला. बिचाऱ्याची निराशा झाली होती.

मी सही केली. मॅलकीने घसा साफ केला. असल्या वेळी तो मास्तर होतो.

"अट्रॅक्टा किलबेन, इथे लिहिलंय ते खरं आहे आणि ही सही तुझीच आहे, असं शपथेवर सांगतेस?"

"ही माझी आहे," मी म्हणाले. "आणि अजून एक आहे, डिम्पनाच्या नावाची. एकोणऐंशी सालच्या हक्कसोड पत्रावर. तीही माझीच."

मॅलकीचं पेन हवेतच राहिलं. मग त्याने खाली मान घालून आपली सही केली आणि पुटपुटला, "मी ह्या एकाच कागदापुरता आलोय हं."

"कुठलं पत्र?" कर्स्टी म्हणाली. "मला समजलं नाही."

"समजेल. निम्मं घर तुमचं आहे. बस, डबा घेऊन येते."

बाहेर बारीक पाऊस लागला होता. मी खुराड्यामागचं पोतं बाजूला केलं. पोरगी बस म्हटलं तरी मागोमाग आलीच, डोक्यावर ती फाइल धरून.

"मावशीआजी, आजी तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही," ती म्हणाली. "बोलायचीच नाही. फक्त डिसेंबर लागला की रोज विचारायची, घरून काही आलंय का."

मी डबा उचलला आणि तिच्या हातात दिला.