टिंबापाशी अडलेला निरोप

उज्ज्वला पुण्यातल्या एका कंपनीचं काम आष्टीजवळच्या आपल्या गावातूनच करायची. दोन वर्षांपूर्वी तिनं हौसेनं गावासाठी एक सोय केली होती. शिवारातल्या तीन पाझर तलावांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली, आणि जनावरांना पाजण्याइतकं पाणी कुठं आहे याचा निरोप रोज सकाळी सात वाजता शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांच्या फोनवर जाऊ लागला. निरोप पाठवायची ती एक स्क्रिप्ट. संगणकानं ओळीनं पाळायच्या आज्ञांची साधी फाइल.

मार्चमध्ये ही स्क्रिप्ट चालवणारा घरातला जुना संगणक बंद पडला. उज्ज्वलानं तळहाताएवढा नवा आणला, फाइली जशाच्या तशा त्यावर टाकल्या आणि दुसऱ्या कामाला लागली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिचे चुलते भागवतकाका दारात येऊन टेकले.

"आज निरोप न्हाई आला. मला वाटलं कालचंच खरं असंल. साठ शेरडं घेऊन माळावरच्या तळ्याला गेलतो. नुसता चिखल हाय तिथं."

"अगं बाई! मग शेरडं?"

"अर्जुनरावाच्या विहिरीवर पाजली. पर पाय लई दुखायलेत."

उज्ज्वलाला ओशाळल्यासारखं झालं. तिनं काकांना पाणी दिलं आणि स्क्रिप्ट हातानं चालवून पाहिली. तलावांच्या नावांची फाइल सापडत नाही, एवढं सांगून स्क्रिप्ट थांबली. "फाइल तर समोर आहे, शेजारीच!" ती पुटपुटली.

"समोर हाय म्हणतीस, मग त्याला दिसना कावून?" काकांनी खुर्ची जवळ ओढली.

उज्ज्वलानं ती ओळ दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावला. ओळीच्या सुरुवातीला एक टिंब होतं, पुढं फाइलचं नाव.

"काका, आज्ञा वाचून पाळतो त्याला शेल म्हणतात. जुन्या संगणकावर बॅश नावाचा शेल होता, यावर दुसराच आहे, हलका. हे टिंब म्हणजे, ती फाइल वाच आणि तिच्यातलं पाळ. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम नसतो, ही आज्ञा शेलच्या अंगातच असते. नुसतं नाव दिलं तरी बॅश शेजारी शोधायचा. पण सगळ्या शेलांसाठी एक मानक आहे, पॉझिक्स. त्यात शेजारी शोधायचं बंधन नाही. ठरलेल्या जागा बघायच्या, बस."

"न्हाई सापडलं, तर पुढं जायचं की!"

"बाहेरचा प्रोग्रॅम चुकला तर जाते पुढं. पण अंगातल्या काही आज्ञा मानकानं खास धरल्यात, टिंब त्यातलंच. ते फसलं की स्क्रिप्ट तिथंच संपते."

काकांनी पडद्यावरच्या पुढच्या ओळींकडं बोट केलं. "आन् थांबली नसती तर?"

उज्ज्वलानं पुढच्या ओळी वाचल्या. नावंच नाहीत म्हटल्यावर एकही तलाव मोजला गेला नसता. "तर गावभर निरोप गेला असता, कुठंच पाणी नाही."

"मंग थांबली तेच बरं! समदे मेंढरं घेऊन आष्टीला निघाले असते." काका मोठ्यानं हसले, आणि तिलाही हसू आवरेना.

तिनं फाइलच्या नावाआधी 'याच जागी' असं सांगणारी खूण घातली. मग टिंबाच्या आधी एक नवी ओळ लिहिली, कारण टिंब फसल्यावर काही सांगायला वाव उरत नव्हता: फाइल नसेल तर तसा निरोप पाठव. खात्री करायला तिनं फाइलचं नाव मुद्दाम बदललं आणि स्क्रिप्ट चालवली. काकांच्या खिशात फोन वाजला.

"आज माहिती नाही. विचारून जा," काकांनी अक्षरं लावत वाचलं. "हे झ्याक केलंस."

नाव पूर्ववत करून स्क्रिप्ट चालवल्यावर फोन पुन्हा वाजला. खालच्या दोन्ही तळ्यांत पाणी आहे, माळावरचं आटलं आहे.

"ते मला ठावं हाय," काका म्हणाले.

आईनं आतून जेवायला हाक मारली. काका ताटावर बसले, तरी डाव्या हातानं दोन्ही निरोप पुन्हा वर-खाली करून बघत होते.