जाड रेघ राहणार

“कैलास, माझं घर असं बारीक का रं काढलंस?”

सहीसाठी हातात घेतलेलं पेन नंदामावशींनी नकाशावर टेकवलंच नाही. शेजारी त्यांचा निलेश उभा होता. बेडश्यात त्यांच्या घरामागची जमीन बंगल्यांच्या स्कीमला जाणार होती, घर मात्र राहणार होतं. तसं निलेशनंच आईला सांगितलेलं. सगळं मावशींच्या नावावर, म्हणून सही त्यांची हवी. ती झाली की नकाशा न्यायला बिल्डरचा माणूस कामशेतला माझ्या नकाशे छापायच्या ऑफिसात येणार होता.

आता रेघ बघायची सवय गावाला लावली मीच. नकाशावरचं इंग्रजी वाचत कोण बसणार? म्हणून आल्यागेल्याला सांगत आलो, जाड रेघ ते राहणार, बारीक रेघ ते पाडणार. हल्ली बेडश्यापासून तिकोणा पेठेपर्यंत कुणीही नकाशा हातात घेतला, की आधी रेघा बघतो.

“आन् ह्यो शेजारच्या सोपानचा गोठा? त्योबी बारीक. हीरबी बारीक. समदंच पाडताय व्हय?”

मी शीट उचलली आणि डोकंच फिरलं. खरंच, झाडून सगळ्या रेघा केसासारख्या! पुण्याच्या आर्किटेक्टनं नकाशा त्याच्या प्रोग्राममध्ये काढलेला, मी माझ्या प्रोग्राममध्ये उघडून छापला. रेघेची जाडी तिच्या स्क्रीनवरच्या रंगावर ठरते. कुठल्या रंगाला किती जाडी, तेवढंच तिकडून इकडे येताना वाटेत सांडलं होतं.

“मशीनचा घोळ हाय, आई,” निलेश म्हणाला. “कर तू सही.”

“सही कशाला?” मी भडकलोच. “असली भिकार शीट माझ्या ऑफिसातून जायची नाही. मावशी, बसा. चहा घ्या. नीट करून देतो.”

“ऱ्हाऊ द्या ना, भाऊ. त्यो माणूस येतोय.”

“येऊ दे की! बसेल घटकाभर.”

पुण्याला फोन करून प्रत्येक रंगाची जाडी विचारून घेतली आणि एकेक भरत बसलो. निलेश माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होता. “लय उशीर व्हतोय, भाऊ.” उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी मनात म्हटलं आणि मुद्दामच सावकाश काम केलं.

नकाशे छापणारा प्लॉटर घरघरायला लागला. कागद बोट-बोट बाहेर येत होता. मावशी चहा तसाच ठेवून जवळ आल्या. आधी हद्द आली, चांगली ठसठशीत. मग सोपानचा गोठा, जाड. विहीर, जाड.

“बघा मावशी, म्हटलं नव्हतं?”

मग घर आलं. बारीक.

मी स्क्रीनवर घराचा रंग पाहिला, पुण्याहून सांगितलेल्या मापाशी ताडून पाहिला. मशीन आता अगदी बरोबर छापत होतं.

“झालं का रं नीट?” मावशींनी विचारलं.

“झालं, मावशी.” मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या निलेशकडे वळल्या. “तुला ठावं व्हतं?”

“आई, तितं स्कीममधी तुला मोठी खोली देणारेत. ग्यालरीची. ह्ये जुनं घर किती दिस...”

“मंग मशीनचा घोळ हाय, असं का म्हणलास?”

बाहेर बिल्डरच्या माणसाची गाडी येऊन थांबली. मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत.

“ती आदीची शीट दे मला.”

ती मी केव्हाच चुरगाळून टोपलीत फेकली होती. “मावशी, ती चुकीची आहे हो.”

“आसू दे. तीत माझं घर समद्यांसारखं हाय.”

मी शीट काढली आणि टेबलावर पसरून तळहातानं सपाट करायला लागलो. सुरकुत्या काही जाईनात. मावशींनी माझा हात बाजूला केला, शीटची घडी घालून पदराखाली धरली आणि निलेशच्या मोटरसायकलीकडे न बघता पुढे होऊन गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसल्या.