धुरावर टांगलेला फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा फुटबॉल आहे. आधीच सांगितलेलं बरं, कारण मला पाहून तुम्ही सुकलेला नारळच म्हणाल. माझा रंग काजळासारखा झाला आहे आणि एका बाजूची शिवण उसवून तोंड उघडं पडलं आहे. पण एकेकाळी मी पिवळसर तपकिरी होतो, आणि मला पाहिलं की एक मोठा माणूस लहान मुलासारखा हसायचा.

माझा जन्म पंजाबातल्या जालंधर शहरात झाला. एका कारागिराने चामड्याचे तुकडे मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले, आत रबराचा ब्लॅडर घातला आणि तोंडाला वादी ओवली. तिथून मी मुंबईला एका दुकानात आलो. १९७१ साली भागोजीने मला विकत घेतलं. तो तेव्हा गिरणीत कामाला होता आणि गिरणीच्या संघातून खेळायचा. पुढच्याच वर्षी घरची शेती बघायला कोणी उरलं नाही म्हणून तो गावी परतला. एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या काखेत मी. पोलादपूरला एसटीतून उतरून आम्ही कापडे या त्याच्या गावी आलो.

भागोजीची शेती भाताची. बांध घातलेली लहानमोठी खाचरं, त्यांतलं एक मोठं आणि तळहातासारखं सपाट. भात कापून झालं की त्या भागात जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. सगळे पेरायचे. भागोजीही बाकीच्या खाचरांत पेरायचा, पण मोठं खाचर मोकळं सोडायचा. विळ्याने धसकटं अगदी मुळाशी कापायची, ढेकळं फोडायची आणि चार काठ्या रोवायच्या. झालं मैदान. मग गावातले आणि आसपासच्या वाड्यांवरचे गडी संध्याकाळी यायचे. बूट कुणालाच नव्हते. भागोजीचा नियम एकच होता. ज्याच्या पायाने बांध ढासळेल त्याने चिखल कालवून तो तिथल्या तिथे लिंपायचा, मग पुढचा खेळ.

शेजारी काशीरामचा मिरचीचा वाफा होता. मी तिकडे गेलो की तो मला काखेत धरून बांधावर उभा राहायचा.

"भागोजी, तुजा बॉल परत माज्या मिरचीत आला. आता भाजी करू काय रे याची?"

"कर की. पन शिजायला तुजी सगली लाकडं जातील."

सगळे हसायचे आणि काशीराम मला जोरात फेकायचा. त्यालाही खेळायचं असायचं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पावसाळ्यात खेळ बंद. तेव्हा मी ओटीवर खुंटीला असायचो. खाचरात चिखलणी चालू असली की भागोजीचा आवाज तिथवर यायचा. नांगराला जुंपलेल्या बैलाला तो ओरडून सांगायचा, "अरे डाव्या अंगाला, पास दे, पास दे!" दर आठवड्याला तो मला खाली काढायचा, फडक्याने पुसायचा, खोबरेल तेलाचं बोट शिवणीवरून फिरवायचा आणि पुन्हा अडकवायचा. शेजारी त्याची मुलगी राही अभ्यास करत बसलेली असायची. पुढे ती शिकली आणि महाडला शाळेत शिक्षिका झाली.

त्याची बायको बयाबाई मला फारसा हात लावत नसे. माझा राग नव्हता. मी तिच्या कामातली वस्तू नव्हतो, एवढंच.

१९८४ च्या जूनमध्ये, रोपं वितीएवढी झाली असताना, भागोजी खाचराकडे गेला आणि बांधावर बसला तो पुन्हा उठला नाही. छातीत कळ आली असावी असं लोक म्हणाले. लावणी त्याचा धाकटा भाऊ हैबती याने केली. त्याने आधी आपलं शेत लावलं नाही, भावाचं लावलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, राहीही नोकरीवर परतली. पाऊस लागला होता. ओटीवरच्या खुंटीला माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरायला लागली. एके सकाळी बयाबाईने ती पाहिली. तिने मला खाली काढलं, पदराने पुसलं, आतली हवा सोडली आणि आत नेलं. चुलीच्या वर दोरीला बियाण्याची शिराळी टांगलेली होती, मक्याची कणसं होती, फडक्यात बांधलेले वाल होते. धूर लागला की बियाण्याला कीड लागत नाही, ओल लागत नाही. बयाबाईला तिच्या सासूने हे शिकवलं होतं. जे पुढच्या साली हवं, ते धुरावर ठेवायचं. तिने मलाही तिथे टांगलं.

मित्रांनो, तो पावसाळा मी कधी विसरणार नाही. खाली चूल पेटायची. एका माणसाचा भात शिजायचा. बयाबाई जेवायची, भांडी पालथी घालायची आणि एक शब्दही न बोलता बाहेर जायची. वर मी आणि बियाणं. बियाण्याला त्या धुराचं काही वाटत नव्हतं, ते नुसतं वाट पाहत होतं. मी मात्र आकसत गेलो. चामड्याला तेल लागतं, बोटं लागतात. धुराने माझ्या अंगातला उरलासुरला ओलावा शोषून घेतला. मला ते कळत होतं, आणि जिने मला टांगलं तिला ते कसं कळवावं हे मला कळत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत राही आली. भात कापून झालं होतं. मोठ्या खाचराच्या बांधावर हैबती तिला म्हणाला, "या साली हितं पन वाल धरूया गो. खेलनारा गेला. आता कोणासाठी सोडायचं?"

"पोरं येतील ना, काका."

"पोरं आता बॅट घेऊन फिरतात. बरं, तुज्याकडं बॉल हाय? बॉल हाय तर सोडतो या साली. दादाचं खाचर हाय, मला काय त्यात आनंद नाय. पन ओल हाय तवर सांग. जमीन आवळली की वाल उगवायचा नाय."

राही धावतच घरी आली. एक हिवाळा तरी त्या खाचरात बाबांचा खेळ व्हावा, एवढीच तिची इच्छा होती. तिने आईला विचारलं आणि बयाबाईने मोठ्या कौतुकाने मला खाली काढलं.

"बघ. कीड नाय, बुरशी नाय. जसाच्या तसा ठेवलाय."

राहीने अंगठ्याने मला दाबलं. मी दबलो नाही. तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान ठेवलास गो आये."

मग ती दुपारभर ओटीवर बसून मला तेल चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन नवा ब्लॅडर घेऊन आली. हैबतीने सायकलचा पंप आणला. राहीने मला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हैबती हवा भरू लागला. मी प्रयत्न केला, मित्रांनो. मला खरोखरच पुन्हा गोल व्हायचं होतं. पण ताण आला तशी चामड्याची कोर तडकली आणि शिवण एका दमात फाटत गेली. ब्लॅडर लाल फोडासारखा बाहेर आला.

हैबतीने पंप खाली ठेवला. माझ्या कडेवरून बोट फिरवून तो म्हणाला, "हा पार भाजलाय. धुरात कोणी टांगला गो हा?"

दारात बयाबाई उभी होती. हात पिठाचे होते.

राही लगेच म्हणाली, "धुराचं काही नाही, काका. जुनाच होता तो. बाबा असतानाच शिवण उसवली होती."

ते खरं नव्हतं. भागोजीने त्याच उन्हाळ्यात माझा टाका न् टाका मेण लावून पक्का केला होता. पण मी त्या क्षणी जुना होणं आनंदाने पत्करलं.

बयाबाईने हात पदराला पुसले. मग ती म्हणाली, "पेर, हैबती. ओल जाईल."

दुसऱ्या सकाळी मोठं खाचर नांगरलं गेलं. राहीने मला बांधावर आणून ठेवलं होतं. हैबती पुढे नांगर धरून, मागून मायलेकी नांगराने पडलेल्या तासात वाल टाकत होत्या. मध्येच बयाबाई थांबली.

"कुठं गो असायचा, तो तुमचा गोल?"

"तू कधी पाहिलाच नाहीस?"

"तेनी मला लावनीला बोलावलं, कापनीला बोलावलं. खेलायला कधी बोलावलं नाय."

राहीने हाताने जागा दाखवली. बयाबाई तिथवर गेली, दोन बाजूंना पाहिलं आणि तिथेही वाल टाकले.

सुट्टी संपली आणि राही महाडला गेली. आता मी ओटीवर कोपऱ्यात असतो. संध्याकाळी बयाबाई माझ्याजवळ येऊन बसते आणि, आश्चर्य म्हणजे, बोलते. वाल उगवले, दोन पानांवर आले, हे तिने मला सांगितलं. काशीरामची म्हैस व्यायली, तेही सांगितलं. आणि एकदा, माझ्या फाटलेल्या कडेवर हात ठेवून, म्हणाली, "पोरीला वाटतं, मला काय कललं नाय. मीच भाजला तुला. पन तिला नको सांगू. ती माज्यासाठी खोटं बोलली."

मित्रांनो, चामड्याच्या वस्तूंना तेल लावा, त्यांना धुरापासून लांब ठेवा, वापरत राहा. हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरी मागे राहिलेलं कोणी संध्याकाळी एखाद्या वस्तूशी बोलत असेल, तर दारातून परत फिरू नका. शेजारी जाऊन बसा. मी चामड्याचा आहे, मला ऐकता येतं, पण उत्तर देता येत नाही. तुम्हाला येतं.