जेवणानंतरच्या नळ्या

स्टँडवर बारा नळ्या होत्या. सहा सकाळच्या, साध्या उंदरांच्या स्नायूंसाठी. सहा जेवणानंतरच्या, ज्या उंदरांना संप्रेरक टोचलं होतं त्यांच्या स्नायूंसाठी. दोन्हीकडे तीन-तीन नळ्यांत रोधक पडायचा. हे संप्रेरक वाढलं की शरीर स्वतःच्याच स्नायूंतली प्रथिनं मोडायला लागतं. मोडणाऱ्या एन्झाइमला रोधकाने वेसण घालता येईल, असं त्यावर पीएचडी करणाऱ्या मुलीचं म्हणणं. प्रथिन मोडलं की त्यातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल बाहेर झिरपतं, ते मोजायचं.

सकाळच्या नळ्यांत रोधक चोख काम करायचा. जेवणानंतरच्या नळ्यांत ढिम्म. तीनदा हेच झालं.

"शुक्रवारपर्यंत बघू," तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या. "नाहीतर विषय बदल. दादाचंच बरोबर म्हणायचं."

दादा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सीनियर. संप्रेरकामुळे होणारी मोडतोड वेगळ्याच वाटेने होते, तिथे हा रोधक लागूच पडत नाही, असं त्याने छापून आणलं होतं. आणि ती जेवायला गेली की प्रयोगशाळेत मागे उरायचा तो एकटाच.

"तू आमच्याबरोबर जेवायला का येत नाहीस रे?"

"तुझ्या नळ्यांना सोबत नको?"

हसताना त्याचे दात जरा जास्तच दिसले, असं तिला वाटलं.

बुधवारी ती जेवायला गेलीच नाही. रोधक कालवला आणि बाराही नळ्या एका दमात लावल्या.

"काय गं, उपास?"

"भूक नाही."

"अगं, नळ्यांना पाय फुटत नाहीत."

"नळ्यांना नाही फुटत," ती म्हणाली.

त्या दिवशी संप्रेरकाच्या नळ्यांतही मोडतोड निम्म्यावर आली. सापडला चोर! ती तडक मॅडमच्या खोलीकडे निघाली. दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच राहिला. मॅडम पहिला प्रश्न विचारणार: आज वेगळं काय केलंस? दादाला एकटं सोडलं नाही. आणखी?

आणखी एक होतं. स्नायूंना गार द्रव सोसत नाही, म्हणून एरवी ती सकाळी कालवलेला रोधक गरम पाण्याच्या टाकीत ठेवूनच जेवायला जायची. आज तो ताजा होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. ती मागे फिरली.

गुरुवारी दादा बहिणीकडे परगावी गेला. खात्री करायला तिने फोन लावला. मागे भाचा भोकाड पसरून रडत होता.

"नळ्या बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं.

तेही तिला खटकलं.

तिने सकाळी रोधक कालवून टाकीत ठेवला, दाराला आतून कडी घातली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली. जेवणाची वेळ टळल्यावर आणखी थोडा रोधक कालवला. मग संप्रेरकाच्या उंदरांचे नऊ स्नायू घेतले: तीन रोधकाशिवाय, तीन सकाळच्या रोधकात, तीन ताज्या रोधकात.

टायरोसिन, दर ग्रॅम स्नायूमागे दर तासाला: रोधकाशिवाय ३१२ नॅनोमोल. सकाळच्या रोधकात ३०७. ताज्या रोधकात १४८. चोर टाकीतच होता: गरम पाण्यात राहून रोधक दुपारपर्यंत निकामी व्हायचा.