गोठ्यामागे पुरलेली पिशवी

मी एक जुनी, फाटलेली पिशवी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, मी बाजाराची पिशवी नव्हे. मी सिलिकॉनची, तळहातावर मावणारी, आत मऊ लगदा भरलेली. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ज्या भोकातून लगदा भरला ते एका गोल ठिगळाने बंद केले, त्यावर नंबर छापला आणि मला खोक्यात घातले. मी कुठे जाणार, हे कुणी सांगितले नाही. मला तर सगळेच जाणून घ्यायची भारी हौस!

२००० साली पुण्यातल्या एका रुग्णालयात माझे खोके उघडले. मुठा गावच्या वैष्णवीचा डावा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला होता. त्या जागी डॉक्टरांनी मला बसवले. आत अंधार होता, पण करमत असे. तिचे काळीज अगदी शेजारी. ती चढण चढली की ते धावे, ती हसली की मीही हले. सासू धोंडाबाईने हाक मारली की मात्र त्याचा ठोका चुके. ही बाई दिसते तरी कशी, असे मला फार वाटे.

काही वर्षांनी माझ्यातला लगदा गळू लागला. वैष्णवीच्या काखेत गाठ आली. कॅन्सर परत आला असे समजून तिने तोंडातून शब्द काढला नाही, आणि मला तिची फार दया आली. शेवटी पिरंगुटच्या दवाखान्यातल्या डॉक्टर जुईलीबाईंनी तिला बोलते केले आणि स्वतः पुण्याला नेऊन तपासण्या करवल्या. गाठ कॅन्सरची नव्हती, माझ्याच लगद्याची होती. मी फाटले होते. पण का फाटले, ते मलाही ठाऊक नव्हते.

मला बाहेर काढून डॉक्टरांनी डबीत घातले आणि जपून ठेवायला सांगितले. भरपाई मागितल्यावर कंपनीने मात्र हात झटकले. पिशवी चांगलीच होती, बाईने जड ओझी उचलली म्हणून फाटली, असे कंपनीने कळवले. वैष्णवीचा नवरा किशोर हे घरात सांगत होता तेव्हा धोंडाबाई चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी तिने मला डबीतून काढले, हळदकुंकू वाहिले आणि गोठ्यामागे पुरले. बाळाची नाळ पुरतात ना, तसे. अंगातून निघालेले मातीत गेले पाहिजे, असे त्या घरात मानत. धोंडाबाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला वाटले होते तशी ती मुळीच नव्हती. तिने माझ्यावर माती हलकेच, मुठीमुठीने टाकली.

जुईलीबाईंनी वैष्णवीची गाठ सुलक्षणाताईंशी घालून दिली. या वकीलबाई अशा रुग्णांच्या तक्रारी ग्राहक मंचात फुकट लढवत. पिशवी तपासल्याशिवाय कंपनीचे म्हणणे खोडता येणार नाही, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. घरी डबी उघडली, तर रिकामी! धोंडाबाईने गोठ्यामागची जागा दाखवली. किशोरने कुदळ उचलली, पण सुलक्षणाताईंनी अडवले. नवी चीर पडली तर कंपनी त्या चिरेवरच बोट ठेवील. तेव्हा धोंडाबाई खाली बसली आणि हातांनीच माती उकरू लागली. तिच्या नखांतून रक्त आले. मी होते तशीच निघाले. सिलिकॉन काही नाळेसारखे कुजत नाही.

मला तपासणीला पाठवले, आणि मंचापुढे कंपनीच्या वकिलाने नेमके तेच काढले. पिशवी पुरताना, उकरताना फाटली नाही कशावरून? धोंडाबाई उभी राहिली.

"पुरली बी मी, उकरली बी मी. हातानंच. कुदळ लावली न्हाई. गवताचा भारा बी मीच दिला व्हता तिच्या डोक्यावर. चुकलं असंल तर माजं लिवा, तिचं न्हाई."

मग तपासणीचा अहवाल वाचला. माझे ठिगळच मुळात कच्चे चिकटवले होते आणि ते तिथेच सुटले होते. ओझ्याचा काही संबंध नव्हता. मंचाने २०१० साली कंपनीला उपचारांचा खर्च द्यायला लावला आणि माझ्यासोबत बनलेल्या पिशव्या ज्या बायकांच्या अंगात असतील, त्या सगळ्यांना शोधून कळवायला सांगितले.

इंग्रजीतला तो निकाल धोंडाबाईला कळला नव्हता. बाहेर पायरीवर वैष्णवी तिच्या शेजारी बसली.

"आत्याबाई, भाऱ्यानं न्हाई झालं. ती पयल्यापासनंच तशी व्हती."

म्हातारीने पदरात तोंड घातले आणि ती पोटभर रडली.

आता मी सुलक्षणाताईंच्या कपाटात असते. मित्रांनो, अंगातून काढलेली वस्तू मागून घ्या, जपा, तपासायला द्या. आणि आजारी माणसाला 'तूच काहीतरी केलं असशील' असे लगेच म्हणू नका, कारण ते घरातले आणखीही कुणी ऐकून मनाला लावून घेत असते. वैष्णवीच्या काळजाशेजारी मी वर्षानुवर्षे राहिले. धोंडाबाईचे काळीज मात्र मला मातीत गेल्यावर कळले.