मध्ये बोलायचं नाही

आमच्या ह्यांना, कुलदीपना, कंपनीतल्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये एक पुस्तक मिळालं. साधं जगा, शांत जगा, एकमेकांचं ऐका, असलं. आता महाळुंग्यात पत्र्याच्या एका खोलीत राहणारे, दोन वेगळ्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला राबणारे आम्ही. याहून साधं काय जगायचं, कप्पाळ? पण हे रोज जेवताना वाचून दाखवायला लागले. घास सावकाश चावा म्हणे. मला तर घास तोंडात असतानाच झोप यायची.

मला एकच गोष्ट बोलायची होती. आमची प्राजक्ता, चार वर्षांची, गावाकडं सासूबाईंजवळ. येत्या जूनमध्ये त्या तिचं नाव तिथल्याच शाळेत घालणार होत्या. एकदा नाव घातलं की पोरगी गेलीच माझ्या हातची. मी म्हणायचे, "अहो, तिला इकडं आणू." हे म्हणायचे, "सांभाळणार कोण?" आणि पुढचं पान उलटायचे. असा संताप यायचा! पण भांडायलाही अंगात जीव लागतो ना.

मग त्या पुस्तकातून एक नियम निघाला. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं. "तू बोल तनू, मी ऐकतो," हे म्हणाले. मी मनातलं सगळं ओतलं, बोलता बोलता रडलेही. मग विचारलं, "सांगा, काय ऐकलं?" साहेब भिंतीला टेकून घोरत होते. दिवसभर प्रेस मशीनवर उभा राहिलेला माणूस, रागवायचं तरी कसं?

रविवारी गावाकडं व्हिडिओ कॉल लावला. मी ह्यांना आधीच बजावलं, "आज पोरीचं ऐकू. मध्ये बोलायचं नाही." फोन प्राजूनंच उचलला. आमची तोंडं बघितली, जरा हसली, आणि मागं वळून आजीला ओरडली, "आई, तनुजाचा फोन आलाय!" मग फोन बाजेवर टाकून खेळायला पळाली. ही पोरगी पहिला शब्द बोलली होती तो आई, आणि तो मला बघून.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "सांगा, काय ऐकलं?"

"आईला आई म्हणाली," हे म्हणाले. "आणि तुला तनुजा."

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी सुपरवायझरला सांगून कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली, आणि आठवड्यात प्राजूला घेऊन आले. आता सकाळी मी निघते तेव्हा हे झोपलेले असतात, रात्री हे येतात तेव्हा मी. दुपारी थांब्यावर माझी बस येते आणि ह्यांची निघते. पोरगी ह्यांच्या कडेवरून माझ्या कडेवर.

"जेवली का?"

"जेवली."

एवढंच आमचं बोलणं. पुस्तक डब्यांच्या मागं पडलंय. ह्यांच्याशी बोलावंसं फार वाटतं हो, पण कधी बोलू?

झोपवताना प्राजू अजून रडते. "तनुजा, मला आईकडं जायचंय," म्हणते. मी तिला पोटाशी धरते, आणि मध्ये बोलत नाही.